पंधरा हजारी स्पर्धांचा जमाखर्च : नवोदित व्यावसायिक टेनिसपटूने पहिले हंगाम कसे आखावेत

व्यावसायिक टेनिसपटू होण्यासाठी कुठलीही परीक्षा द्यावी लागत नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाकडे, म्हणजे आयटीएफकडे, नोंदणी करून ‘आयपिन’ क्रमांक घेतला आणि वयाची चौदा वर्षे पूर्ण असली की जगातील कोणत्याही लहान व्यावसायिक स्पर्धेसाठी नाव देता येते. नाव लागते की नाही हा पुढचा प्रश्न. अवघड आहे ते त्यात टिकणे. महासंघाने २०१३ च्या हंगामाचा अभ्यास केला तेव्हा असे दिसले की, सरासरी कमाई आणि सरासरी खर्च यांची तोंडमिळवणी पुरुषांमध्ये ३३६ व्या आणि महिलांमध्ये २५३ व्या क्रमांकाच्या आसपास होते, आणि या खर्चात प्रशिक्षकाचे मानधन धरलेलेच नव्हते. त्याखालचा प्रत्येक खेळाडू घरच्या, उसन्याच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या तरी पैशावर खेळत असतो.

माझ्या पुतण्याने तीन हंगाम या स्पर्धा खेळल्या. मी पेशाने हिशेबनीस असल्यामुळे घरच्यांनी खर्चाची वही माझ्याकडे सोपवली आणि हळूहळू वेळापत्रकही माझ्याच गळ्यात पडले. फोरहँड कसा मारावा हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु कोणत्या आठवड्यात, कोणत्या गावी आणि किती पैसे घेऊन जावे हे ठरवण्याची रीत मात्र मी चुका करत शिकलो आहे. पुढील मजकूर मुख्यतः पुरुषांच्या स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. महिलांच्या स्पर्धांमधील पायऱ्या आणि गुण वेगळे असले, तरी आखणीची पद्धत तीच राहते.

पायरी आणि तिचे मोल

सर्वांत खालच्या पायरीवरील स्पर्धांना आज एम-१५ आणि एम-२५ असे म्हणतात. क्लबांतील जुनी मंडळी अजूनही त्यांना ‘फ्युचर्स’च म्हणतात. महिलांसाठी डब्ल्यू-१५, ३५, ५०, ७५ आणि १०० अशी चढण आहे. पुरुषांच्या बाबतीत एम-२५ नंतर चॅलेंजर आणि त्यानंतर एटीपीच्या, म्हणजे पुरुष व्यावसायिक टेनिसपटूंच्या संघटनेच्या, मुख्य स्पर्धा येतात. एम-१५ स्पर्धेची एकूण रक्कम १५,००० डॉलर असते आणि ही रक्कम ऐकूनच पुष्कळ पालकांची फसगत होते, कारण ती एकेरी आणि दुहेरी मिळून सर्वांत वाटली जाते. एकेरीच्या मुख्य फेरीत, म्हणजे पात्रता सामन्यांनंतरच्या खऱ्या स्पर्धेत, पहिलाच सामना हरणाऱ्याला १५६ डॉलर मिळतात, दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याला २५८, उपांत्यपूर्व फेरीत ४३८, उपांत्य फेरीत ७५२, उपविजेत्याला १,२७२ आणि विजेत्याला २,१६०. जागतिक क्रमवारीचे गुण याच क्रमाने शून्य, १, २, ४, ८ आणि १५ असे आहेत. म्हणजे मुख्य फेरीत एक सामना जिंकल्यावर पहिला गुण पदरात पडतो.

वरच्या पायरीवरचे चित्र किती निराळे आहे हे एका तुलनेवरून समजेल. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पात्रता फेरीचा पहिला सामना हरणाऱ्यालाही ३१,२५० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. एम-१५ स्पर्धा सलग आठ आठवडे जिंकूनही खेळाडूच्या हाती यापेक्षा कमी पैसे येतात. एटीपीने २०२४ मध्ये सुरू केलेल्या किमान उत्पन्नाच्या हमीतही पहिल्या शंभरांना ३ लाख डॉलर, १०१ ते १७५ क्रमांकांना दीड लाख आणि १७६ ते २५० क्रमांकांना ७५ हजार डॉलर असे तीन टप्पे होते. २५१ व्या क्रमांकापासून खाली काहीच नव्हते. म्हणून खालच्या पायरीवर असताना बक्षिसाची रक्कम हे उत्पन्न मानू नये. ती खर्चातील सूट आहे असे समजावे आणि खरी कमाई गुणांत मोजावी.

एका गुणाची किंमत काढणे

यासाठी दौऱ्याचा हिशेब एकेका स्पर्धेचा न ठेवता संपूर्ण दौऱ्याचा ठेवावा लागतो. ट्युनिशियातील मोनास्तिर, इजिप्तमधील शर्म अल-शेख आणि तुर्कस्तानातील अंताल्या या ठिकाणी समुद्रकाठच्या एकाच हॉटेलाच्या आवारात आठवड्यामागून आठवडे पंधरा हजारी स्पर्धा चालतात. तेथे तीन-चार आठवडे मुक्काम ठोकला की विमानभाडे विभागले जाते. नवोदितांची गर्दी तेथे होते ती त्यामुळेच.

समजा, एक खेळाडू मुंबईहून मोनास्तिरला तीन आठवड्यांसाठी गेला. विमानाचे जाण्यायेण्याचे ८०० डॉलर, जेवणासह हॉटेलचे रोजचे ६० डॉलर धरून २२ रात्रींचे १,३२०, व्हिसा आणि विम्याचे १५०, तसेच प्रवेश शुल्क, गटिंग (रॅकेटला तार बसवणे) आणि किरकोळ बाबींचे २५०, असा खर्च २,५२० डॉलर झाला. पहिल्या आठवड्यात तो पात्रता फेरीतच गारद झाला. दुसऱ्या आठवड्यात त्याने मुख्य फेरीत एक सामना जिंकला आणि तिसऱ्या आठवड्यात तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. त्याची कमाई ० अधिक २५८ अधिक ४३८, म्हणजे कर कापण्यापूर्वी ६९६ डॉलर, आणि गुण तीन. तूट १,८२४ डॉलरची. ती तीन गुणांनी भागली की एक गुण ६०८ डॉलरना पडला. सोबत प्रशिक्षक गेला असता, तर त्याचे विमान आणि खोली धरून, मानधन न देताही, हाच गुण हजार डॉलरच्या पुढे गेला असता.

हा आकडा प्रत्येक दौऱ्यानंतर वहीच्या उजव्या समासात लाल शाईने लिहावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. एक दौरा वाईट गेला म्हणून काही ठरत नाही. परंतु वर्षभराचे सात-आठ आकडे एकाखाली एक दिसू लागले की कोणत्या पृष्ठभागावर, कोणत्या प्रदेशात आणि किती आठवड्यांच्या मुक्कामात गुण स्वस्त पडतो, हे वादाशिवाय समजते. आमच्या वहीतून एक गोष्ट अशी निघाली की चौथा आठवडा आम्हाला कधीच फळला नाही. खेळाडू तोवर शरीराने थकलेला आणि हॉटेलच्या जेवणाला विटलेला असे, पण विमानभाडे वसूल करण्याच्या हौसेपायी आम्ही दोनदा तो आठवडा वाढवला.

गुरुवारी संध्याकाळी साडेसात वाजता

आयटीएफच्या या स्पर्धांसाठी नाव देण्याची मुदत, ज्या सोमवारी स्पर्धेचा आठवडा सुरू होतो त्याच्या १८ दिवस आधीच्या गुरुवारी, ग्रीनिच वेळेनुसार दुपारी दोन वाजता संपते. भारतीय वेळेनुसार तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. एकाच आठवड्यासाठी सहा स्पर्धांपर्यंत नावे पसंतीक्रमाने देता येतात. त्यानंतर प्रवेशयादी लागते आणि स्पर्धेच्या १३ दिवस आधीच्या मंगळवारी, त्याच वेळेपर्यंत, दंडाशिवाय माघार घेता येते. गुरुवार ते मंगळवार या पाच दिवसांत खालच्या खेळाडूचे नशीब सर्वाधिक हलते, कारण वरची मंडळी आपल्या पसंतीच्या स्पर्धा निवडून बाकीच्या ठिकाणांहून नावे काढून घेतात आणि प्रतीक्षायादी भराभर पुढे सरकते. पुतण्याचे नाव एकदा मुख्य फेरीच्या यादीबाहेर चौदावे होते आणि बुधवारी सकाळी पाहतो तो आत आलेले. उलटही घडते, म्हणून गुरुवारची यादी पाहून बिनपरताव्याचे तिकीट काढण्याची घाई करू नये.

पसंतीक्रम लावताना केवळ ‘कुठे नाव लागेल’ एवढेच पाहणे चुकीचे ठरते. त्याच आठवड्यात शेजारच्या देशांत कोणत्या स्पर्धा आहेत, गेल्या वर्षी त्या स्पर्धेत मुख्य फेरीत शेवटचे नाव कोणत्या क्रमांकाचे लागले होते, आणि हरल्यास पुढच्या आठवड्याच्या ठिकाणी रेल्वेने किंवा बसने जाता येईल का, या तीन गोष्टी तपासाव्यात. पात्रता फेरीच्या प्रतीक्षायादीत नाव असल्यास स्पर्धेच्या ठिकाणी स्वतः हजर राहून सही करावी लागते. नाव आत जाण्याची शक्यता चांगली असल्याखेरीज परदेशी अशी वाट पाहण्यासाठी जाऊ नये.

पासपोर्ट हेच खरे वेळापत्रक

युरोपीय खेळाडूला न जाणवणारी आणि भारतीय खेळाडूला सतत छळणारी अडचण येथे आहे. प्रवेशयादी लागते स्पर्धेच्या सुमारे अडीच आठवडे आधी, तर शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे बहुतेक युरोपीय देशांसाठी चालणाऱ्या सामाईक व्हिसाच्या, अर्जावर निर्णयासाठी सर्वसाधारणपणे १५ दिवस धरले जातात आणि गर्दीच्या महिन्यांत भेटीची वेळ मिळण्यातच कितीतरी दिवस जातात. त्या काळात पासपोर्टही आपल्या हाती नसतो. पहिल्याच हंगामात आमचा पासपोर्ट एका युरोपीय देशाच्या व्हिसासाठी अडकलेला असताना, दुसऱ्या देशातील स्पर्धेत पुतण्याचे नाव थेट मुख्य फेरीत लागले. घरी बसून माघारीचा अर्ज भरावा लागला, तोही मंगळवार उलटल्यावर, त्यामुळे दंडाची नोटीसही आली.

तेव्हापासून आम्ही क्रम उलटा केला. आधी व्हिसा, मग स्पर्धा. शेंगेनसाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा आणि अर्जासोबत आयपिनची नोंद, मागील स्पर्धांचे निकाल, राष्ट्रीय किंवा राज्य संघटनेचे पत्र आणि आखलेल्या स्पर्धांचा तक्ता जोडावा. कोणत्याही १८० दिवसांत शेंगेन प्रदेशात ९० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही, ही मर्यादा वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावी. सराव शिबिरासाठी स्पेनमध्ये घालवलेले दिवसही त्यातच मोजले जातात. ट्युनिशिया, इजिप्त आणि तुर्कस्तान शेंगेनमध्ये येत नाहीत, त्यामुळे ९० दिवस संपत आले की तिकडे वळता येते.

घरचे आठवडे वाया घालवू नयेत

परदेशाच्या ओढीने पुष्कळजण भारतातील आठवड्यांकडे दुर्लक्ष करतात. पुणे आणि मुंबईच्या खेळाडूंसाठी तर ते अक्षम्य आहे. २०१८ ते २०२३ या काळात एटीपीची २५० दर्जाची स्पर्धा पुण्यात बालेवाडीला होत असे, त्यानंतर तेथेच चॅलेंजर दर्जाची महा ओपन भरली. महिलांसाठी डेक्कन जिमखान्यावरील आयटीएफ स्पर्धा आणि मुंबईतील क्रिकेट क्लब ऑफ इंडियावरील डब्ल्यूटीए (महिला टेनिसपटूंची संघटना) १२५ दर्जाची स्पर्धा झाल्या आहेत. घरून स्कूटरवर जाऊन खेळलेल्या आठवड्यात हॉटेल नाही, विमान नाही, व्हिसा नाही. अशा आठवड्यात मिळालेला एक गुण जवळपास फुकटच असतो. शिवाय यजमान संघटनेकडे काही वाइल्ड कार्डे, म्हणजे क्रमवारी न पाहता देता येणारे थेट प्रवेश, असतात. त्यासाठी अर्ज वेळेवर, लेखी आणि निकालांच्या तक्त्यासह करावा. ऐन वेळी ओळखीतून शब्द टाकण्याने काम झालेच, तरी पुढच्या वर्षी ते आठवण ठेवतात.

गुण ५२ आठवडेच टिकतात, हे येथे विसरता कामा नये. घरच्या सलग तीन स्पर्धांत मिळवलेले गुण पुढच्या वर्षी त्याच तीन आठवड्यांत एकदम गळतात आणि क्रमवारी शंभर-दीडशे स्थानांनी कोसळू शकते. ती घसरण आधीच दिसत असते, म्हणून मोठ्या पात्रता फेऱ्यांसाठी नावे ती होण्यापूर्वीच्या क्रमवारीवर लावून घ्यावीत. नियमही बदलतात. २०१९ च्या जानेवारीत पंधरा हजारी स्पर्धांचे एटीपी गुण काढून टाकण्यात आले, शेकडो खेळाडूंची क्रमवारीच नाहीशी झाली, आणि ओरड झाल्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गुण परत देण्यात आले. दर जानेवारीत नवी नियमपुस्तिका वाचण्यासाठी एक रविवार राखून ठेवणे भाग आहे.

सामान आणि दुहेरी

गटिंगचा खर्च लहान वाटतो, पण वर्षअखेरीस तो तिकिटाएवढा निघतो. २०० मीटरच्या एका रिळात साधारण सोळा रॅकेटी होतात. रीळ घरून न्यावे आणि स्पर्धेच्या ठिकाणी केवळ मजुरी द्यावी. तिसऱ्या दौऱ्यापासून पुतण्या लहान मशीन सोबत नेऊ लागला आणि इतरांच्या रॅकेटी गटिंग करून जेवणाचे पैसे काढू लागला.

दुहेरीकडे दुय्यम म्हणून पाहू नये. एकेरीत सोमवारी हरलेल्या खेळाडूला त्याच आठवड्यात आणखी सामने, थोडे पैसे आणि स्वतंत्र क्रमवारीचे गुण मिळवून देणारा तोच मार्ग आहे. पुण्याच्या अर्जुन कढेने अमेरिकेतील ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातून खेळून पुढे दुहेरीवर भर दिला आणि २०२४ मध्ये ऋत्विक बोल्लीपल्लीसह अल्माटी येथे एटीपी विजेतेपद मिळवले. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात खेळलेल्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाच्या साथीत हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. जोडीदार मात्र स्पर्धेच्या ठिकाणी पोहोचून शोधू नये. दोघांच्या एकत्रित क्रमवारीवर प्रवेश ठरतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांसाठी शब्द आधी पक्का करावा.

या दोन्ही नावांवरून विद्यापीठाचा मार्गही ध्यानात येईल. अठराव्या वर्षी क्रमवारी नसलेल्या खेळाडूला चार वर्षे कोर्ट, प्रशिक्षक, फिजिओ आणि पदवी मिळत असेल, तर तो सौदा वहीच्या दृष्टीने उत्तमच म्हणावा लागेल. ज्याला तिकडे जायचे आहे त्याने बक्षिसाचे पैसे स्वीकारण्यापूर्वी तेथील पात्रतेचे नियम त्या विद्यापीठाकडून लेखी मागवावेत.

पैसा कुठून आणायचा

सुमित नागलने सप्टेंबर २०२३ मध्ये, भारताचा पहिल्या क्रमांकाचा एकेरी खेळाडू असताना, आपल्या खात्यात ९०० युरो उरल्याचे जाहीरपणे सांगितले. एका प्रशिक्षकासह प्रवास करण्याचा वार्षिक खर्च त्याने ८० लाख ते १ कोटी रुपये सांगितला होता, फिजिओ वगळून. चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीतून वर येऊन त्याने मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवले आणि त्या एका विजयाने त्याचे बक्षीस १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेले. ही गोष्ट पालकांना सांगताना लोक उत्तरार्धच सांगतात. मला पूर्वार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण देशातील अव्वल खेळाडूची जर ही स्थिती, तर आठशेव्या क्रमांकाच्या मुलाने निधीशिवाय निघणे म्हणजे घर गहाण टाकणे होय.

निधीचे मार्ग तीन. पहिला म्हणजे खेळाडूंना नोकरी देणारी सरकारी कार्यालये, रेल्वे आणि तेल कंपन्या. त्यांच्या भरतीसाठी राष्ट्रीय स्पर्धांतील पदके पाहिली जातात, म्हणून परदेशी आठवड्यासाठी राष्ट्रीय स्पर्धा सोडण्यापूर्वी दोनदा विचार करावा. दुसरा मार्ग जर्मनी आणि फ्रान्समधील क्लब लीगचा. तेथे सामन्यागणिक ठरलेले मानधन मिळते आणि हरलो तरी ते मिळते. खालच्या क्रमवारीतील कितीतरी खेळाडूंचा उन्हाळा त्यावरच निघतो. तिसरा पुरस्कर्त्याचा. त्याच्याशी करार लेखी असावा आणि पुढील बक्षिसांतील वाटा मागितला असल्यास त्याची मुदत आणि कमाल रक्कम दोन्ही त्यात नमूद असावीत. ‘घरचेच आहेत’ या भरवशावर झालेले तोंडी व्यवहार पहिल्या मोठ्या विजयानंतर कडू होतात.

परदेशात बक्षिसातून जागेवरच कर कापला जातो. कापलेल्या कराचा दाखला तेथून निघण्यापूर्वी मागून घ्यावा, अन्यथा भारतात विवरणपत्र भरताना त्याची वजावट मागता येत नाही आणि सहा महिन्यांनी ईमेल पाठवून तो दाखला मिळाल्याचे माझ्या अनुभवात एकदाही घडलेले नाही.

सट्टा, औषध आणि दुखापत

लहान स्पर्धांवरही जगभर सट्टा लागतो. हरल्यानंतर शिवीगाळ करणारे संदेश येतात आणि कधी तरी ‘पहिला सेट सोड’ असेही कोणी विचारते. अशा विचारणेला नकार देणे पुरेसे नाही. ती टेनिसमधील गैरप्रकारांचा तपास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय टेनिस इंटेग्रिटी एजन्सीला तातडीने कळवली नाही, तर न कळवणे हाच गुन्हा ठरतो. खेळाडूने टेनिसच्या कोणत्याही सामन्यावर, मित्राच्या खात्यातूनसुद्धा, पैज लावू नये. सर्दीच्या गोळीपासून प्रथिनांच्या डब्यापर्यंत प्रत्येक गोष्ट प्रतिबंधित यादीशी ताडून पाहावी आणि डब्याचा बॅच क्रमांक टिपून ठेवावा.

दुखापतीच्या बाबतीत एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. शारीरिक दुखापतीमुळे किमान सहा महिने खेळता आले नाही, तर एटीपीकडे संरक्षित क्रमवारीसाठी, म्हणजे परतल्यावर दुखापतीआधीच्या क्रमवारीवर प्रवेश मिळावा यासाठी, अर्ज करता येतो, मात्र तो शेवटच्या स्पर्धेपासून सहा महिन्यांच्या आत पोहोचावा लागतो. खांदा दुखू लागला की पुष्कळ मुले दर महिन्याला ‘पुढच्या महिन्यात खेळू’ म्हणत ती मुदत घालवतात. एमआरआयचा अहवाल आणि डॉक्टरांचे पत्र हाती येताच तारीख मांडून ठेवावी.

थांबण्याची तारीख आधी लिहावी

पहिला दौरा निघण्यापूर्वी, सगळे आनंदात असताना, खेळाडू आणि घरचे यांनी मिळून दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात : एकूण किती रुपये लावायचे, आणि तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरअखेर गुणाची सरासरी किंमत किती खाली आलेली असली पाहिजे. क्रमवारीचे लक्ष्य लिहिण्यापेक्षा हे बरे, कारण क्रमवारी इतरांच्या खेळावरही हलते. मधल्या काळात, हरून आलेल्या रात्री, हा विषय कोणी काढू नये.

आमच्या वहीत पहिल्या वर्षी एकेरीचा गुण सरासरी सातशे डॉलरच्या वर पडला होता, तिसऱ्या वर्षीही तो पाचशेच्या खाली आला नाही. दुहेरीचा मात्र दीडशेवर आला. तिसऱ्या डिसेंबरात पुतण्याने वही माझ्याकडून मागून घेतली, ‘‘काका, आता मी लिहितो’’ म्हणाला, आणि पुढच्या वर्षाच्या तक्त्यात एकेरीच्या रकान्यात फक्त पुणे आणि मुंबईचे आठवडे भरले.